दुखणं येऊ नये म्हणून

सिन्नरला मुलगी बघायला गेलो होतो. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या आणि वडीलधारी माणसं लग्न कुठे करायचं इथपर्यंत येऊन पोहोचली होती. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "मला एक सांगायचंय."

तिचे वडील विडी कारखान्यात कारकून होते. ते घाईघाईने म्हणाले, "ते नंतर बघू गं." पण ती थांबली नाही. पदर सारखा करत, माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघून ती बोलली. "मला दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्यावं लागतं. लहानपणापासून घेते. लग्नानंतरही घ्यावं लागेल. मी आजारी नाही, पण आजार परत येऊ नये म्हणून घेते. हे आधी माहीत असलेलं बरं."

माझे मामा उगाच खाकरले. आईने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी विचारलं, "दुखतं का?"

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "फार," म्हणाली.

आम्हाला एस.टी. स्टँडवर सोडायला तिचे वडील आले आणि वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. ती चौथीत असताना तिचा घसा धरला, ताप आला, दोन्ही आपोआप बरं झालं. मग काही दिवसांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा, तो उतरला तर कोपर. पोरीला हातात पेला धरता येईना. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात तिला महिनाभर ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं की हा सांध्यांचा ताप आहे, सांधे सुटतील, पण तापाने हृदयाच्या एका झडपेला धक्का लावलाय. झडप थोडी गळते. आज त्याचा त्रास नाही. पण घसा धरून हा ताप पुन्हा पुन्हा आला तर दर वेळी झडप आणखी खराब होईल. तो येऊ नये म्हणून पेनिसिलीन. "याआधी दोन स्थळं आली होती," ते म्हणाले. "इंजेक्शनचं ऐकून परत गेली. म्हणून मीच म्हटलं होतं, आज बोलू नको."

परतीच्या गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. चांदवडकडच्या खेड्यात तिचं आयुष्य गेलेलं. दवाखाना म्हणजे माणूस हाताबाहेर गेल्यावर जायची जागा, अशी तिची समजूत. नाशिक जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "बाप दडवीत व्हता, पोरीनं दडवलं नाय. मला पसंत हाय."

सत्तरच्या दशकाचा मधला काळ असेल. आमचं लग्न झालं, पांढऱ्या साडीत, त्रिसरण-पंचशील म्हणून, साधंच. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. नाशिकला वसाहतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, तिथे आई, माझा धाकटा भाऊ आणि आम्ही दोघं. थोड्याच दिवसांत तिला जवळच्या प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली.

इंजेक्शनचा दिवस आम्ही शनिवार ठरवला होता. तिची शाळा सकाळची असे आणि दुसऱ्या दिवशी रविवारची विश्रांती मिळे. दवाखाना घरापासून चालत जाण्यासारखा होता. डॉक्टर वयस्कर, मोजकं बोलणारे. काचेची सिरिंज आणि सुया ते स्टोव्हवर स्वतः उकळत. बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी घातलं की दुधासारखं दाट औषध तयार होई. ते बारीक सुईतून उतरायचं नाही, म्हणून सुई जाड. आधी हातावर एक थेंबभर टोचून, भोवती पेनने वर्तुळ काढून ते वाट बघत. लाल झालं नाही, खाज सुटली नाही, तर मग कमरेत पूर्ण इंजेक्शन. त्यानंतर बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवून म्हणत, "अर्धा तास इथेच बसायचं. घरी पळायचं नाही."

पहिल्या वेळी मी विचारलं, "का बसायचं?"

"कुणाकुणाला हे औषध सोसत नाही," ते म्हणाले. "सोसलं नाही तर ते लगेच कळतं. त्या वेळी माणूस माझ्या डोळ्यांसमोर असावा."

त्या बाकावर ती एका कुशीवर जरा कलून बसे. सुरुवातीची काही मिनिटं डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. मग हळूहळू बोलायला लागे. वर्गात कोण पाटीवर थुंकून पुसतो, कोणाला बाराखडीतला 'ढ' येत नाही, हेडबाई कशा रागावल्या. मी ऑफिसातलं सांगे. घरी दोन खोल्यांत चार माणसं. नव्याने लग्न झालेल्यांनी बोलायचं कुठे? आमची खरी ओळख त्या बाकावर झाली. पुढे पुढे अर्धा तास संपला तरी आम्ही उठत नसू. मग डॉक्टरच दारातून डोकावून म्हणत, "आता गेलात तरी चालेल."

येताना सायकल मी हातात धरून चालवी. कॅरियरवर तिला बसवत नसे. ती सीटवर हात टेकून, जरा लंगडत, शेजारून चाले. घरी आई तव्यावर जाडं मीठ गरम करून फडक्यात बांधून तयार ठेवी. शेकताना तिची बडबड चाले.

"चांगली धडधाकट पोर. ताप नाय, खोकला नाय. अन् सुया टोचून घेती. दुखणं नाय तर औषध कशाला?"

आमच्यात सासूला आत्या म्हणतात. पालथी पडल्या पडल्या बायको म्हणाली, "आत्या, बाजरीच्या कणगीत तुम्ही कडुलिंबाचा पाला घालता, तो किडे झाल्यावर की आधी?"

"आधीच. झाल्यावर घालून काय उपेग?"

"तसंच हे."

आईला पटलं. त्यानंतर शेजारणींना ती हीच कणगीची गोष्ट सांगायची, जणू स्वतःच शोधून काढल्यासारखी. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग आमच्या मागच्या गल्लीत एक तरुण शिंपी राहायचा, त्याच्या मानेवर गळू झालं. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा दवाखान्यात गेला. तिथे त्याला पेनिसिलीन दिलं. इंजेक्शन घेऊन तो पायऱ्या उतरला, 'जीव घाबरतोय' म्हणाला आणि खालीच बसला. लोक जमेपर्यंत, डॉक्टर धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझी बायको त्याच्याकडेच ब्लाउज शिवायला टाकायची. आठवड्याने त्याचा भाऊ घरोघर जाऊन लोकांचं कापड परत करत होता. आमच्या दारात तो एक ब्लाउज घेऊन आला, बाह्या जोडायच्या राहिलेला. तिने तो घेतला आणि त्याला चहा दिला. तो गेल्यावर ब्लाउज मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली.

त्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा दवाखान्यात नेहमीसारखं पाणी उकळत नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं.

"इतकी वर्षं मी हे देतोय," ते म्हणाले. "माझ्या हातून कधी काही झालं नाही. पण त्या शिंप्याचं ऐकल्यापासून बाटली हातात घेतली की तो पोरगा आठवतो. मला आता जमणार नाही. तुम्ही गोळ्या घ्या. औषध तेच आहे. सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही."

"गोळीने इंजेक्शनइतकं काम होतं?" तिने विचारलं.

"न चुकता घेतली तर बरंच होतं. पण तितकं नाही."

घरी येऊन आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. आई म्हणाली, "काही नको, गोळी नको अन् सुई नको. कडुलिंबाच्या पाल्यानं माणूस दगावत नाय, पोरी. हे औषध निराळं हाय."

मीही भ्यालो होतो. म्हणालो, "तुझा ताप येऊन किती वर्षं झाली. कदाचित आता येणारही नाही. मग एवढा धोका कशाला घ्यायचा?"

ती चिडली नाही. म्हणाली, "तुम्हाला तो शिंपी दिसतोय. मलाही दिसतोय. पण मला आणखी एक मुलगी दिसते." मग तिने दवाखान्यातल्या त्या महिन्याबद्दल सांगितलं. शेजारच्या खाटेवर इगतपुरीकडची एक मुलगी होती, तिच्याहून जरा मोठी. तिलाही हाच ताप. पण तिच्या घरच्यांनी पहिल्यांदा बरं वाटल्यावर औषध सोडलं होतं आणि तिची ही तिसरी खेप होती. ती आडवी होऊ शकत नसे. उशांना टेकून बसूनच झोपे. "मला रोज विचारायची, तू झोपतेस तेव्हा कसं वाटतं गं? तिला आठवतच नव्हतं, आडवं झोपलेलं. मी घरी आले. ती आली नाही."

आई उठली आणि उगाच चूल पुसायला लागली.

शेवटी गोळ्या घ्यायच्या ठरल्या. त्या पोटाला सोसत नसत. जेवणाआधी घ्यायच्या, म्हणजे शाळेच्या घाईत. तोंड यायचं, पोट बिघडायचं. तरी तिने नेटाने चालवलं. पण रोजची गोळी ही इंजेक्शनसारखी नसते. इंजेक्शनला एक दिवस असतो, सोबत असते. गोळी एकट्याने आठवायची, आणि तीही काही होत नसताना. दिवाळीत ती सिन्नरला माहेरी गेली, पाहुण्यांच्या गर्दीत काही गोळ्या राहिल्या. परत आली तेव्हा घसा धरला होता. दोन दिवसांत उतरला म्हणून आम्हीही विसरलो.

पुढे एका सकाळी मी दाढी करत होतो. आतून तिने हाक मारली, "जरा येता का?" ती भाजी चिरायला विळीवर बसली होती. भाजी चिरून झाली होती, विळी मिटलेली होती, पण तिला उठता येत नव्हतं. उजवा घोटा सुजून लाल झाला होता. तिच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा वेगळंच काही होतं. "आला," एवढंच म्हणाली.

मी तिला उचलून खाटेवर ठेवलं. आई तिचा पाय मांडीवर घेऊन बसली. फुंकर घालत होती, लहान मुलाच्या खरचटल्यावर घालतात तशी.

त्या वेळी आम्ही हृदयाचं शिकून आलेल्या एका डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते. त्यांनी खूप वेळ छातीवर नळी ठेवून ऐकलं. तिला काही आठवडे अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं. ॲस्पिरिन इतकं दिलं की तिच्या कानांत सतत घंटी वाजे. आई मोठ्याने बोलायची आणि ती म्हणायची, "आत्या, घंटीच्या वर बोला." सूज गेली. डॉक्टर म्हणाले, झडप थोडी जास्त गळतेय, फार नाही. पण आता निष्काळजीपणा नको.

मी त्यांना सरळच विचारलं, "इंजेक्शनने माणूस मरतो, हे खरं ना?"

"खरं आहे," ते म्हणाले. "क्वचित, पण मरतो. न घेतल्यानेही मरतो. तो हळूहळू मरतो, म्हणून गल्लीत बातमी होत नाही. यांना हे औषध लहानपणापासून सोसलंय. म्हणजे पुढेही सोसेलच असं मी लिहून देणार नाही. पण मला दोन्ही पारडी दिसतायत आणि यांच्या बाबतीत एक स्पष्ट जड आहे. इंजेक्शन द्यावं. देताना उताऱ्याचं औषध शेजारी तयार असावं."

ती म्हणाली, "आमच्या जुन्या डॉक्टरांकडेच घेईन."

"ते देत नाहीत ना आता?"

"देतील," ती म्हणाली.

चालता यायला लागल्यावर तिचा पहिला फेरा तिकडेच झाला. डॉक्टरांनी तिचा घोटा पाहिला, नाडी पाहिली आणि खाली बघत राहिले. म्हणाले, "मी गोळ्या दिल्या नसत्या तर—"

"तसं नाही," ती म्हणाली. "गोळ्या चुकल्या त्या माझ्याकडून. डॉक्टर, तुम्हाला भीती वाटते हे मला चांगलं वाटतं. भीती वाटणारा माणूस नीट टेस्ट करेल, नीट लक्ष ठेवेल. ज्याला काहीच वाटत नाही त्याच्या हातून मला टोचून घ्यायचं नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या शनिवारी या म्हणाले.

आम्ही गेलो तेव्हा ट्रेमध्ये दोन सिरिंजा होत्या. एक दुधाळ औषधाची. दुसरीत उताऱ्याचं औषध भरून, फडक्याखाली झाकून ठेवलेलं. त्यांनी टेस्ट केली, नेहमीपेक्षा जास्त वेळ वाट पाहिली, मग इंजेक्शन दिलं. आणि त्या दिवशी बाकाकडे बोट दाखवून ते आत गेले नाहीत. बाहेर येऊन आमच्या शेजारी बसले, तिचं मनगट हातात धरून. आतले पेशंट खोळंबले होते. कंपाउंडर दोनदा दाराशी आला, त्याला हातानेच परत पाठवलं. अर्धा तास भरला. मग त्यांनी मनगट सोडलं आणि म्हणाले, "छान. जा आता."

ती दुसरी सिरिंज पुढे दर वेळी ट्रेमध्ये असे आणि दर वेळी तशीच ओतून टाकली जाई.

दोनेक वर्षांनी दिवस गेले तेव्हा आई पुन्हा घाबरली. "आता पोटातल्या लेकराला सुई लागंल का?" हृदयाच्या डॉक्टरांनी समजावलं की बाळाला या औषधाचं भय नाही, भय आहे ते या दिवसांत ताप उलटण्याचं, कारण आता हृदयाला दोघांचं काम आहे. आईने ते ऐकून घेतलं. मग तिने घरात असा कायदा केला की कोणाला साधी सर्दी झाली तरी त्याने बाहेरच्या खोलीत जेवायचं. माझ्या भावाने एकदा शिंकल्यावर चार दिवस बाहेर काढले. सातव्या महिन्यापासून बायकोला धाप लागे. आई तिच्या पाठीला उशी लावून, पाय चेपत बसे. मुलगी झाली, नीट झाली. बाळंतिणीचा श्वास पूर्ववत झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आईने दवाखान्याच्या व्हरांड्यातच त्यांचे पाय धरले. ते बिचारे ओशाळून मागे सरले.

मुलगी शाळेत जायला लागली. इंजेक्शनं चालूच होती. सुया बदलल्या, वापरून टाकायच्या सिरिंजा आल्या, जुने डॉक्टर थकून दुपारचेच बसायला लागले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे एकदा हृदयाच्या डॉक्टरांनी नळी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बाई, ताप येऊन बरीच वर्षं झाली. झडप आहे तिथेच आहे. या वयात तो उलटायची शक्यता कमी होते. आता बंद करायचा विचार करता येईल."

मला वाटलं, ती आनंदेल. तिचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं वाटायचं, कधी सुटेन यातून. आणि आता बंद म्हटल्यावर कोणीतरी दाराची कडी काढून नेल्यासारखं वाटतंय."

घरी सांगितल्यावर आई तर उसळलीच. "बंद? कोण म्हणतं बंद? लागू पडलेलं औषध कोणी सोडतं का?" हीच माझी आई, जिने एकेकाळी सुई नको म्हणून हट्ट धरला होता. मी आठवण करून दिली. ती म्हणाली, "तवाचं तवा. आता ही शाळेत शिकवाया रोज शेंबड्या पोरांत बसती. समद्यांचे घसे हिच्याच तोंडावर खोकतात."

पुढच्या भेटीत बायकोने डॉक्टरांना विचारलं, "मी पहिलीला शिकवते. मुलांचे घसे सारखे धरलेले असतात. तुमच्या घरचं कोणी माझ्या जागी असतं तर?"

डॉक्टर विचार करून म्हणाले, "ऑफिसात बसणाऱ्याचं बंद केलं असतं. पहिलीच्या बाईंचं आणखी काही वर्षं चालू ठेवलं असतं. पण टोचून तुम्ही घेता. तुम्हाला पुरे झालं असेल तर तेही चूक नाही."

"पुरे तर पहिल्या दिवशीच झालं होतं," ती म्हणाली. "चालू ठेवू या." तिने आणखी काही वर्षं घेतलं. मग वरच्या वर्गांना शिकवू लागली तेव्हा तिचं तिनेच थांबवलं, डॉक्टरांना विचारून. ताप पुन्हा आला नाही.

इंजेक्शन चालू ठेवायचं ठरलं त्याच वर्षी बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे गावाबाहेरच्या बौद्ध लेण्यांच्या डोंगरावर गेलो. सकाळ होती, तरी ऊन तापायला लागलं होतं. मुलगी पुढे पळत होती. मी तिच्यामागे. मधेच वळून पाहिलं, तर बायको आणि आई खूप खाली राहिल्या होत्या. पोरीला तिथेच थांबवून मी धावतच पायऱ्या उतरलो.

दम आईला लागला होता. ती पायरीवर बसली होती, चप्पल काढून, लुगड्याच्या पदराने वारा घेत. बायको शेजारी उभी राहून तिच्या डोक्यावर पदराची सावली धरत होती. तिच्या कपाळावर घाम होता, पण श्वास संथ चालला होता.

"तुम्ही व्हा पुढं," आई आम्हाला म्हणाली. "मी बसते हितंच. म्हातारीचं काय."

"बसू की थोडा वेळ," बायको म्हणाली आणि तिच्याजवळ खाली बसली. "घाई कोणाला आहे?"

आईने तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून तळवा तिच्या छातीवर ठेवला, डॉक्टर नळी ठेवायचे तिथे. क्षणभर ऐकत असल्यासारखी बसली. वरून मुलगी ओरडत होती, "आजी, चल ना!"

"येते गं," आई ओरडली. "तुझी आय दमली नाय, मी दमले. जरा दम खाऊ दे."